शिपिंग बिलावरचं नाव

लग्न होऊन मी या वस्तीवर आले तेव्हा, इथून एक दिवस परदेशात माल जाईल आणि त्याचे कागद मी करीन, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. निमगाव केतकीच्या अलीकडं, इंदापूरच्या रस्त्याला आमची वस्ती. थोडा ऊस, डाळिंबाची बाग आणि सासऱ्यांच्या हट्टापायी राखलेली मेंढरं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्या तरुणपणी या घरचा मोठा कळप होता. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून सगळे कोकणाच्या वाटेला लागायचे. मग शेताला पाणी आलं, पोरं शाळेत गेली आणि कळप कमी कमी होत गेला. उरलेल्या मेंढरांची लोकर कातरून बांधावर टाकून द्यायची वेळ आली, कारण ती घेणारंच कुणी राहिलं नव्हतं.

मी बारामतीत बी.कॉम. केलं होतं आणि लग्नाआधीपासून तिथल्याच एका कर सल्लागाराच्या ऑफिसात दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरायचे. कागदाची मला भीती वाटत नाही. उलट एखादा फॉर्म पहिल्या फटक्यात मंजूर झाला की भाकरी टम्म फुगल्यासारखं बरं वाटतं. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली, पण ती सवय काही सुटली नाही.

आबांची बहीण डाळजला दिलेली. एका हिवाळ्यात तिच्याकडं कार्य होतं म्हणून सासूबाईंना मेंढरांपाशी ठेवून आम्ही मुक्कामाला गेलो होतो. तिच्या रानापासून उजनीचं पाणी जवळ आहे आणि थंडीत तिथं पक्षी बघायला लोक येतात. सकाळी आबा खांद्यावर घोंगडी टाकून बांधावर उभे होते आणि मी त्यांना चहाला बोलवायला गेले होते. तेवढ्यात नावेतून उतरलेली एक गोरी, उंच, पांढऱ्या केसांची बाई सरळ आमच्याकडं चालत आली. गळ्यात दुर्बीण होती, पण ती पक्ष्यांकडं बघतच नव्हती. तिनं आबांच्या खांद्यावरच्या घोंगडीला हात लावला, काठाच्या दशा चिमटीत धरून बघितल्या आणि इंग्रजीत विचारलं, ही कुणी विणली?

माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं. लोकर घरची, सूत माझ्या सासूबाईंनी काढलेलं, विणकर बावड्याचा. ती बाई हॉलंडची होती. तिच्या गावात तिचं लोकरीच्या वस्तूंचं छोटं दुकान होतं. ही घोंगडी विकत द्याल का, असं तिनं विचारलं.

"अंगावरची वस्तू मी इकत न्हाय," आबा म्हणाले. "पर बाईला म्हणावं, च्या पिऊन जा."

ती बांधावरच बसली. बशीत ओतून चहा प्यायचा कसा, ते आबांनी तिला दाखवलं. तिनं तसाच प्यायला, अर्धा सदऱ्यावर सांडला आणि मोठ्यानं हसली. जाताना तिनं माझा ईमेल लिहून घेतला. मला वाटलं, पाहुणी माणसं असं लिहून घेतातच.

पण खरंच पत्र आलं. दुकानात ठेवायला घोंगड्या हव्या होत्या, आणि त्या रीतसर, सगळ्या कागदांसह हव्या होत्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी माळ्यावरचा चरखा खाली काढला. बावड्याच्या विणकरानं माग बंद करून पोराला मोबाइलचं दुकान काढून द्यायचा बेत केला होता. तो म्हणाला, एवढी मागणी पुरी करतो आणि मग बघू. माल त्यांनी करायचा आणि कागद मी, अशी वाटणी आपोआपच झाली.

आयात-निर्यातीचा परवाना नंबर घरबसल्या ऑनलाइन मिळाला. तो माझ्या नावावर घेतला. तो कागद छापून आला तेव्हा आबांनी हातात धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "येवढंच? बैलाच्या दाखल्याला याच्यापेक्षा जास्त शिक्के असायचे." पुढं मात्र बँकेचा कोड लागत होता. माल कुठल्या बँकेमार्फत जाणार आणि पैसे कुठल्या बँकेत येणार, हे कस्टमला आधी कळवावं लागतं. गावातल्या शाखेत मी विचारलं तर साहेबांनी हात वर केले. हे काम बारामतीच्या मोठ्या शाखेत होतं म्हणाले.

बारामतीला परकीय चलनाच्या टेबलावर एक मॅडम बसायच्या. ओडिशाच्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत होता. मराठी त्या इथं येऊन शिकल्या होत्या आणि अडलं की बिनदिक्कत हिंदीत शिरायच्या. त्यांच्याकडं येणारे सगळे डाळिंब, द्राक्षं, केळी नाहीतर साखर पाठवणारे. मी घोंगडी म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"घोंगडी म्हणजे?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"काळी चादर?"

"चादर नाही मॅडम. घोंगडी."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "जे असेल ते. एक गोष्ट समजून घ्या. माल देशाबाहेर गेला की त्याची किंमत देशात परत आली पाहिजे. ठरलेल्या मुदतीत, आणि बँकेतूनच. माल गेल्याची नोंद कस्टमकडून आमच्या कॉम्प्युटरवर येते. पैसे आले की आम्ही दोन्ही जुळवतो. जुळलं की नोंद बंद. नाही जुळलं तर उघडी राहते, आणि उघडी राहिली तर तुमचा पुढचा माल अडकतो. फेमा कायदा आहे, मी काही करू शकत नाही."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं.

"ही फेमा कोन?" आबांनी विचारलं.

"कायद्याचं नाव आहे आबा. परकी चलनाचा कायदा."

"आन आपल्या मेंढराचं मोल सरकारला कशाला पायजे?"

"घेत नाही सरकार. परत आलं का, तेवढं बघतं."

"मग बगू दे की," आबा म्हणाले आणि मेंढरं सोडायला गेले.

खरी गंमत कस्टमच्या एजंटाबरोबर झाली. बंदरावरचं सगळं काम त्यानं करायचं होतं. तो पनवेलचा, आमचं सगळं बोलणं फोनवर. एका दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मी आणि आत्या अंगणात घोंगड्यांच्या दशा सारख्या करत होतो. हात गुंतलेले म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, ही वस्तू अंथरायची की पांघरायची?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही चालत नाही. अंथरायची असेल तर ती सतरंजी-गालिच्यात जाते, पांघरायची असेल तर ब्लँकेटात. प्रत्येकाचा कोड वेगळा. एक काहीतरी सांगा."

आबा ओसरीवरून उठून फोनजवळ आले. "आवो साहेब, बसायला हीच, निजायला हीच. पावसात डोक्यावर खोळ करून हीच. लग्नात खाली हीच अंथरत्यात. देवाम्होरं हीच. आन मानूस गेला की—"

"आवं, पुरं की!" आत्या म्हणाल्या.

पलीकडं एजंट हसत होता. "आजोबा, कस्टमच्या यादीत एवढी मोठी जागा नसते. तिकडं गिऱ्हाईक कशासाठी घेणार आहे ते विचारा आणि मला कळवा."

मी हॉलंडला विचारलं. उत्तर आलं, आमच्याकडं लोक थंडीत सोफ्यावर बसून पायांवर घेतील. मग आमची घोंगडी ब्लँकेटाच्या कोडाखाली गेली. शिपिंग बिल निघालं, म्हणजे माल देशाबाहेर चालल्याचा कस्टमचा कागद. त्यावर पाठवणारी म्हणून माझं नाव, घेणारी म्हणून तिचं नाव, आणि खाली वस्तूचं वर्णन: हातमागावरचं लोकरी ब्लँकेट. त्या दिवशी मी उगाच दोन-तीनदा ते उघडून बघितलं.

पैसे आले, मॅडमनी जुळवले, नोंद बंद झाली. पुढच्या वर्षी पुन्हा मागणी आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. विणकरानं मोबाइलच्या दुकानाचं नाव काढायचं बंद केलं. ती बाई मागणीच्या पत्रातच इकडच्या गोष्टी विचारायची. चरखा चालवून आत्यांचा खांदा दुखतो, असं मी कधीतरी लिहिलं होतं, तर तिनं तिच्या आईचा म्हणून एक उपाय कळवला. कोमट मिठाच्या पिशवीनं शेकायचं. आत्यांनी तो करून बघितला. "आमच्या आयचा बी ह्योच हुता," म्हणाल्या.

मग एका खेपेला माल पोचल्यानंतर तिचं काहीच आलं नाही. एरवी खोकी उघडली की ती फोटो पाठवायची. मी एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. उत्तर नाही. बागेत डाळिंबाचा तोडा चालू होता, त्या गडबडीत माझ्याही डोक्यातून गेलं.

तोडा चालू असतानाच बँकेतून मॅडमचा फोन आला.

"तुमचे पैसे आले आहेत. पूर्ण रक्कम. पण पाठवणारा दुसराच माणूस आहे. आडनाव तेच, नाव वेगळं. पुरुषाचं. हा कोण?"

"मला नाही माहीत मॅडम."

"शिपिंग बिलावरचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव एक नाही. तिसऱ्याच माणसानं पैसे दिले तर त्याचे नियम आहेत. घेणारा, देणारा आणि तुम्ही, तिघांचा करार लागतो. तुम्ही त्या बाईंना सांगा, एक पत्र करून पाठवा म्हणून."

मी झाडाखालीच बसून मोबाइलवर पत्र लिहिलं. पैसे मिळाले, आभार, पण तुमच्या नावानं आले नाहीत, कृपया कळवावं. संध्याकाळी उत्तर आलं, तिच्याच पत्त्यावरून. पण लिहिणारा तिचा मुलगा होता. माझी आई वारली. दुकानाच्या भिंतीवर तिनं टाचून ठेवलेली जेवढी बिलं सापडली तेवढी मी भागवली आहेत. तुमचं राहिलं असेल तर सांगा.

एवढंच पत्र. मी ते मराठीत वाचून दाखवलं तेव्हा आबा शेळीला पाला टाकत होते. ते तिथंच थांबले. आत्या आतून बाहेर आल्या. "कोन, ती च्या सांडलेली?" त्यांनी विचारलं. डाळजची गोष्ट आबांनी त्यांना इतक्यांदा सांगितली होती की स्वतः बघितल्यासारखीच ती त्यांच्या ओळखीची झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. मुलाचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अरेरे." आणि थोड्या वेळानं, "पण मग करार कसा होणार? तिघांच्या सह्या लागतात."

"त्यातली एक सही करणारी आता नाही, मॅडम."

"मला कळतंय. तरी काहीतरी कागद पाहिजे. मुलाकडून घ्या. तो वारस आहे, दुकान आता त्याच्याकडं आहे, आईचं देणं म्हणून पैसे दिले, असं सहीचं पत्र. आणि आईच्या मृत्यूचा दाखला. लवकर घ्या, नोंद उघडी आहे."

मी घरी सांगितलं की मुलाला पत्र लिहून दाखला मागवायचा आहे. आबा एकदम उखडले. त्यांना मी इतकं चिडलेलं क्वचित बघितलंय.

"आय मेलीया त्याची! आन तू मेल्याचा दाखला मागतीस?"

"मी नाही मागत आबा, बँक मागते."

"पत्र तर तूच लिवनार न्हवं? त्यानं पैसं दिलं. न मागता दिलं. आन आपुन काय म्हणायचं, तुझी आय खरंच मेली का ते दाव?"

"नोंद उघडी राहिली तर पुढचा माल अडकेल."

"आडकू दे. तेरावं होऊ दे आदी."

"त्यांच्यात तेरावं नसतं आबा."

"त्यांच्यात नसंल. आपल्यात हाय की."

मला राग आला होता, कारण मला घाई होती आणि ते म्हणत होते ते मला पटतही होतं. रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. नवऱ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, ताटातली भाकरी संपवली आणि म्हणाला, "मॅडमला म्हणावं, थोडं थांबा. मॅडम बी माणूसच हाय की." तो डेअरीत नोकरीला आहे. दिवसभर दुधाच्या फॅटवरून भांडणारी माणसं समजावून समजावून त्याला शांतपणाचीच सवय लागली आहे.

मी थांबा म्हणून सांगितलं. मॅडमनी कुरकुर केली, पण थांबल्या.

दुसऱ्या दिवशी आबाच माझ्याजवळ येऊन बसले. "लिव," म्हणाले. "पैशाचं न्हाय. माझ्या नावानं लिव." ते सांगत गेले तसं मी लिहीत गेले. नंतर इंग्रजीत करताना मला खूप जड गेलं, कारण त्यांच्या बोलण्यात एकही शब्द सजवलेला नव्हता. तुमची आई आमच्या बहिणीच्या बांधावर बसली होती. चहा सांडला तर हसली. आमच्या घरची लोकर कुणी घेत नव्हतं, तिनं घेतली. माझी बायको तिनं सांगितल्याप्रमाणे खांदा शेकते. तुमच्यावर दुःख आलं, ते आम्हाला कळलं. शेवटी मी माझ्या मनानं काहीतरी वाक्य घालू लागले तर आबा म्हणाले, "झालं एवढं. लांबवू नगं."

त्याचं उत्तर लगेच आलं नाही. आलं ते लांबलचक. तो एका शाळेत गणित शिकवत होता. दुकानाशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. आईला माणसं फार होती हे ठाऊक होतं, पण ती इतकी लांबची असतील हे त्याला माहीत नव्हतं. तिला भारतातून आल्यावर सगळ्यांना बशीतून चहा पिऊन दाखवायची सवय लागली होती, आणि हे तिनं कुठून आणलं ते आम्हाला आज कळलं, असं त्यानं लिहिलं होतं. दुकानाचं बँक खातं आईच्या नावावर, ती गेल्यावर गोठवलेलं. म्हणून बिलं त्याच्या स्वतःच्या खात्यातून दिली. त्यामुळं आम्हाला काही त्रास तर झाला नाही ना, असं त्यानंच शेवटी विचारलं होतं. दुकानाला धागा पुरवणाऱ्या तिकडच्या एकाच्या बँकेनंही नावावरून त्याला विचारणा केली होती.

आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता माग तुझा दाखला. आता त्यानं आपनहून इचारलंय."

मी मागितला. त्यानं तो पाठवला, त्यांच्या नगरपालिकेचा, एकाच पानावर अनेक भाषांत छापलेला, म्हणजे भाषांतराची अडचण राहिली नाही. सोबत सहीचं पत्र, अगदी गणिताच्या मास्तरासारखं, मुद्द्याला मुद्दा. वारस कोण, दुकान कुणाकडं, पैसे कशाचे. मी खूश होऊन बारामतीची एसटी पकडली.

मॅडमनी सगळं वाचलं आणि पुण्याच्या कार्यालयात पाठवलं. ते परत आलं. तीन पक्षांचा करार जोडलेला नाही, असा शेरा.

मी त्यांच्या टेबलासमोर तशीच बसून राहिले. "तिला कुठून आणू मी सहीला?" मी म्हटलं. माझा आवाज बहुतेक चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचे साहेब वळून बघायला लागले.

मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी शेऱ्याचा कागद बाजूला सारला. "बघा, शेवटी नियम असं म्हणतो की व्यवहार खरा आहे याची बँकेला खात्री पाहिजे. माझी खात्री आहे. पण 'माझी खात्री आहे' एवढंच लिहून पुणं ऐकणार नाही. मला सविस्तर लिहावं लागेल. माल कोण बनवतं, कुठं बनतो, किती वर्षं चाललंय." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "खरं सांगू? मी अजून घोंगडी बघितलीच नाही. एवढी वर्षं काळी चादर समजून सह्या करतेय."

"मग या ना घरी," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, पण त्या येतील असं वाटलं नव्हतं.

त्या सुट्टीच्या शनिवारी आल्या, नवऱ्याला घेऊन. आत्यांनी सकाळपासून अंगण झाडून घेतलं होतं. आबांनी धुवट धोतर नेसलं होतं आणि बँकेची साहेबीण येणार म्हणून ते जरा ताठच बसले होते. मॅडम मात्र आल्या आल्या चप्पल काढून आत्यांच्या चरख्याजवळ खाली बसल्या. लोकरीचा पेळू हातात घेऊन सूत काढून बघितलं. ते तुटलं. पुन्हा काढलं, पुन्हा तुटलं. आत्या त्यांचा हात धरून शिकवायला लागल्या, "हळू वढा, हिसका देऊ नगा," आणि भाषेचा काही प्रश्नच उरला नाही.

मी त्यांना घोंगडी दाखवली. त्यांनी ती गालाला लावली आणि लगेच बाजूला केली. "टोचते!"

"नवी हाय," आबा म्हणाले. "वापरली की मऊ व्हती. मानसागत."

मग त्यांनी मेंढरं बघितली, कातरलेली लोकर बघितली, बावड्याच्या विणकराला फोन लावून मागाविषयी विचारलं. सगळं एका वहीत लिहून घेत होत्या, पण ते लिहिणं चौकशीचं वाटत नव्हतं. त्यांच्या माहेरी, ओडिशात, आजोळचे लोक कापूस विणायचे, हे त्यांनी जेवताना सांगितलं. त्यांच्या आईनं माग बघितला होता, त्यांनी नाही. त्यांचा नवरा आबांबरोबर बागेत गेला आणि डाळिंबाच्या फळावर कागद का लावतात ते ऐकून आला. मटण होतं, बाजरीची भाकरी होती. मॅडमनी भाकरी कुस्करून रश्श्यात खाल्ली आणि आत्यांनी वाढतच नेली.

निघताना आबांनी त्यांना घोंगडी देऊ केली. मॅडम मागं सरल्या. "नाही आबा. तुमची फाईल माझ्याकडं आहे. मला घेता येत नाही."

आबांना ते लागलं नाही. उलट आवडलं. "बरं," ते म्हणाले. "मग फाईल मिटल्यावर या."

मॅडमनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पुण्याहून मंजुरी आली, पैसे त्या शिपिंग बिलाशी जुळले आणि नोंद बंद झाल्याचा निरोप माझ्या मोबाइलवर आला. मी तेव्हा निमगावच्या बाजारात मेथीचा भाव करत होते. भाजीवाली म्हणाली, "ताई, काय लॉटरी लागली का?" मी हसत होते म्हणे.

त्यानंतर मॅडम खरंच आल्या, फाईल मिटल्यावर, आणि घोंगडी विकत घेऊन गेल्या. पैसे घेणार नाही म्हणून आबांनी खूप वाद घातला. त्या म्हणाल्या, "आबा, माल गेला की मोल आलं पाहिजे." मग आबांनी पैसे मोजून कनवटीला लावले. पुढं त्यांची बदली झाली. अधूनमधून त्यांचा फोन येतो. त्यांच्या आईला आता ती घोंगडी लागते म्हणतात, तिच्याशिवाय दुपारची झोप येत नाही.

त्या टेबलावर आता एक तरणा मुलगा बसतो. हुशार आहे, भराभर काम करतो. नियमही काही ना काही बदलत असतात. आता आमच्या भागातले ओळखीचे लोक मला कागदासाठी विचारायला येतात. कुणी केळीवाला असतो, कुणी गूळ पावडर करणारा बचत गट. मी त्यांना पहिली गोष्ट सांगते की घेणाऱ्याचं नाव आणि पैसे कुणाच्या खात्यातून येणार ते आधी विचारून घ्या. ते वहीत लिहून घेतात. कशावरून सांगते, ते सगळ्यांना सांगत बसत नाही.

हॉलंडचं दुकान बंद होईल असं आम्ही धरून चाललो होतो. विणकरालाही तसं सांगून ठेवलं होतं. पण गेल्या थंडीच्या सुमाराला त्या मुलाचं पत्र आलं. बायकोनं शाळेची नोकरी अर्धवेळ करून घेतली आहे आणि दुकान ती चालवणार आहे. आईच्या वेळची गिऱ्हाइकं विचारत येतात. पाठवता येतील का?

आत्यांनी चरख्याला तेल घातलं. माल तयार झाला तसा मी इन्व्हॉइस करायला बसले. नवीन काही करायचं नसतं, मागच्या खेपेची फाईल उघडायची आणि तारीख, नग बदलायचे. खरेदीदाराच्या रकान्यात गेलेल्या बाईचं नाव तसंच होतं. मी ते पुसलं. तिच्या सुनेचं नाव टाइप करायला लागले आणि बघते तर बोटांनी पुन्हा जुनंच नाव लिहून ठेवलं होतं. पुन्हा पुसलं. डोळे भरून आले, पण त्यात दुःखच होतं असं नाही. एवढ्या लांबची एक बाई, उभ्या जन्मात एकदाच भेटलेली, आणि तिचं नाव माझ्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं.

आबा ओसरीवरून म्हणाले, "झालं का न्हाय अजून? टेम्पोवाला इचारतोय."

"झालंच आबा," मी म्हटलं, आणि सुनेच्या नावाचं स्पेलिंग पत्रातल्या सहीशी एकेक अक्षर जुळवून बघितलं.